पाकळी आणि सुई

फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, स्पीकर चालू केला आणि तिने एकटीचं ताट वाढून घेतलं. पलीकडून आधी भांड्यांचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, आणि मग आईचा.

"अहो, घ्या म्हणते ना. चिमणीएवढं खाऊन माणूस कारखाना चालवणार कसा?"

"आई, आता पोटाला तडस लागेल," हा नवऱ्याचा आवाज.

"लागू दे. झोपायचंच आहे नंतर."

बराच वेळ हे असं चाललं. आपण फोनवर आहोत हे दोघांच्याही ध्यानात नसावं, असं तिला वाटायला लागलं, तेव्हा कुठे आईला आठवण झाली.

"बेबी, जेवतेस ना गं?"

"जेवतेय."

"काय केलंयस?"

"सकाळचंच आहे."

"ऐकलंत?" आई जावयाला म्हणाली. "एवढी मोठी शास्त्रज्ञ, आणि खाते शिळं."

तिला हसू आलं आणि जरासा रागही. लग्नाच्या वेळी याच जावयाला बघून आईने नाक मुरडलं होतं. हाताला कायम औषधांचा वास, नखांत कसलातरी रंग. असला कारखान्यातला नवरा आपल्या लेकीला कशाला, म्हणून ती आठ दिवस बाबांशी बोलली नव्हती. आता त्याच्याच पानात आग्रह करकरून वाढणं चाललं होतं आणि पोटची पोर सकाळचं गरम करून खात होती.

ही ताटातूट कुणा माणसाने घडवून आणलेली नव्हती. ती केली होती डोळ्यांना न दिसणाऱ्या एका स्फटिकाने.

झालं होतं ते असं. लहान मुलांना येणाऱ्या झटक्यांवरचं एक औषध तिच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं घडत होतं. गरम द्रावणात विरघळवायचं आणि सावकाश गार करत न्यायचं, की त्याचे स्फटिक खाली बसतात. चपटे, पातळ, एकावर एक रेलून पडणारे. प्रयोगशाळेत सगळे त्याला पाकळी म्हणत. पाकळी पोटात गेली की विरघळायची आणि मुलाचे झटके थांबायचे. सहा वर्षं पाकळीच येत होती. आणि एका सकाळी एका चंबूतून पांढऱ्या सुयांचा गुंता बाहेर पडला. पदार्थ तोच, तसूभरही फरक नाही; कण एकमेकांना बिलगून बसण्याची रीत तेवढी निराळी. पण ही सुई हट्टी होती. विरघळायची नाही. अशी गोळी दिली काय आणि खडा दिला काय, सारखंच.

बरं, एवढ्यावरही भागलं असतं. पण सुई लागट होती. मधाच्या बरणीत एक कण धरला की हळूहळू सगळा मध साखरतो, तसं. बाहीवर, केसात, बुटाच्या तळाला सुईचा धुळीएवढा अंश असला आणि तो पुढच्या चंबूत पडला, की तोही चंबू सुयांनी भरायचा. त्या दिवसापासून तिच्या इमारतीत चिमूटभर पाकळी तयार झाली नव्हती. भांडी बदलली, फरशा घासल्या, भिंतींना नवा रंग दिला. सुईने घर केलं ते केलंच.

पाकळी होऊ शकेल अशी एकच जागा आता उरली होती, नदीपलीकडचा कारखाना. तिथलं मोठं भांडं नवरा चालवायचा. कामगारांना प्रत्येक गोष्ट फोड करून सांगायची सवय असल्यामुळे तिथे सगळे त्याला मास्तर म्हणत. सुई दिसली तेव्हा नशिबाने ते भांडं रिकामं होतं, आणि त्या दिवसापासून मास्तरांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. कंपनीच्या गोदामात बसून माशा मारत होते.

मग मुलांसाठी राखलेल्या गोळ्या संपत आल्या, आणि बॅच करणं भाग पडलं. नियम तिनेच लिहिले. या इमारतीतल्या कुणीही तिकडे जायचं नाही. या इमारतीतल्या माणसांबरोबर एका छपराखाली राहणाऱ्यांनीही नाही. तिकडे काम करणाऱ्याने वेगळ्या घरी राहायचं, केस बारीक कापायचे, सगळे कपडे नवे घ्यायचे. चौथा नियम : जुन्या घरातली एकही वस्तू बरोबर न्यायची नाही.

संशोधन विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांनी कागद वाचून चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मग मास्तरांचं काय?"

"त्यांनाही लागू," ती म्हणाली.

आईचं घर त्यासाठी सोयीचं होतं. ती वर्षभर भावाकडे परगावी होती आणि नुकतीच परतली होती. घर तेवढा काळ कुलपात होतं. सुई जन्माला आल्यापासून लेकीने तिथला उंबरा ओलांडलेला नव्हता. अशा रीतीने उतारवयाकडे झुकलेला जावई सासूच्या दारी घरजावई होऊन राहायला गेला.

तो निघाला ती संध्याकाळ मात्र तिच्या मनात सलत होती. दारात बॅग घेऊन तो चार हात लांब उभा राहिला, "येतो गं" म्हणाला आणि जिना उतरून गेला. खांद्यावर हात ठेवला नाही, काही नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस असा लाकूड होतो, असं तिने मनाशी धरलं आणि दोन दिवस फोनवर तुटक बोलली. त्याला ते कळलंही नाही, किंवा कळून त्याने न कळल्याचं सोंग केलं.

"परवा सकाळी बॅच," आता तो फोनवर सांगत होता. "भांडं आज तिसऱ्यांदा धुतलं. काच अशी लखलखतेय की त्यात बघून दाढी करावी."

"दमू नकोस. कपडे टोचत नाहीत ना?"

"छे. लोण्यासारखे मऊ आहेत. झोप आता."

ताट घासून तिने ओटा पुसला. खुंटीवरचा प्रयोगशाळेचा पांढरा कोट काढला, खिशातलं पेन बाजूला ठेवलं आणि वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं. कोट आत टाकला. आणि झाकणावरचा हात तिथेच राहिला.

लोण्यासारखे मऊ.

नवे कपडे तिनेच आणले होते. चार शर्ट, तीन पँटी, बनियन, टॉवेल, सगळं कोरं करकरीत. पण नव्या कापडाची खळ त्याच्या मानेला टोचते, लाल पुरळ उठतं. लग्नातल्या फोटोतही तो मान वाकडी करून उभा आहे तो त्याच पायी. म्हणून तिने ते सगळं धुतलं. दोनदा धुतलं. गॅलरीत वाळवलं, इस्त्री केली, घड्या घातल्या आणि बॅगेत भरलं. या मशीनमध्ये धुतलं. दर दोन दिवसांनी तिचा हा कोट ज्यात गरगरतो, त्या मशीनमध्ये.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. साऱ्या इमारतीला नियमांचे पाठ देणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने सुईची पुडी बांधून नवऱ्याबरोबर नदीपार धाडली होती. तेही पुरळ उठू नये म्हणून. ती तिथेच, मशीनला पाठ लावून फरशीवर बसली आणि फोन लावला.

"काय गं? विसरलीस काही?"

"तू आत्ता काय घातलंयस?"

"या वयात असले प्रश्न फोनवर विचारतात का, शास्त्रीबाई? आई शेजारी बसल्यात."

"थट्टा नको रे. ते कपडे मी धुतले होते. आपल्या मशीनमध्ये. माझा कोटही त्यातच धुते मी." तिचा आवाज फाटला. "ते घालून तू आठवडाभर भांड्यापाशी वावरतोयस. आता तिकडेही सुईच येणार. त्या मुलांना काय देऊ मी? मीच सगळ्याची माती केली."

"आधी रडू नकोस. ऐक."

"काय ऐकू?"

"बॅग मी उघडलेलीच नाही."

तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे उघडलेली नाही. इकडे आणलीच नाही. आपल्या खालच्या वॉचमनच्या खोलीत आहे, कॉटखाली. तू रोज त्याच्या दारावरून जातेस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले.

"मग रोज मऊ आहेत, मऊ आहेत म्हणून सांगत होतास ते?"

"खोटं नाही सांगितलं. इस्त्री करून तू पलंगावर ठेवले होतेस, तेव्हा वरच्या शर्टाला हात लावून बघितला होता. कोरं कापड कधी इतकं मऊ असतं का? तेव्हाच ओळखलं, धुतलेत."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोलणार होतो." पलीकडे आई काहीतरी आवरत असल्याचा आवाज येत होता. "तू कॉलरींच्या कडा बसवत होतीस. जीभ जरा बाहेर काढून. इतकं मन लावून चाललं होतं तुझं, त्यात मध्येच चौथा नियम काय वाचून दाखवू? म्हटलं, हिला धुऊ दे. आपण घालायचे नाहीत, झालं."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते एकदम दारात आल्यावर कुणालाच बाहेर पडता येईना.

"आणि निघताना असा लांब उभा होतास..."

"तू नुकतीच प्रयोगशाळेतून आली होतीस." त्याने घसा साफ केला. "जवळ आलो असतो तर तुझी ती सुई सोबत घेऊन गेलो असतो. अवघड गेलं, खरं सांगायचं तर. बस मिळेपर्यंत काही सुचलं नाही."

दोन दिवस आपण कशाकरता फुगून बसलो होतो ते आठवून तिला स्वतःची लाज वाटली, आणि इतकं बरं वाटलं की त्या लाजेचंही काही वाटेना.

"मग तू घालतोस तरी काय?" तिने विचारलं.

"आहे व्यवस्था."

"कसली व्यवस्था? बाजारातून आणलेस?"

"त्यांच्या कपड्यांची काळजी तू करू नकोस," मागून आई म्हणाली. "तू तुझी मशीन बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन तिने सगळं सांगितलं. मशीन, इस्त्री, घड्या, काही लपवलं नाही. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, हे जास्त कठीण होतं.

"बॅग उघडली नाही," ते म्हणाले. "पण वॉचमनच्या खोलीपर्यंत हातात तर धरली होती."

"हो. पलीकडे गेल्यावर आंघोळ केली, केस कापले, अंगावरचे कपडे पिशवीत बांधून टाकून दिले. तरीही धोका नाही असं मी म्हणणार नाही."

"बॅच पुढे ढकलली तर?"

"गोळ्या संपतील. मुलांचे झटके परत सुरू होतील."

"आणि केली आणि सुई आली तर पाकळी करायला जागाच उरणार नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही म्हणाल तसं."

आजवर ती या वाक्याची वाट बघत आली होती. साहेबांनी आपल्यावर सोडावं, आपल्याला विचारावं. आणि आता ते आलं तर असं वाटलं, की कुणीतरी झडप घालून काढून घ्यावं. डोळ्यांसमोर बॅग हातात धरलेला नवरा आला, चार हात लांब उभा राहिलेला. इतकं जपणारा माणूस आणखी काय काय जपला असेल, असा तिने विचार केला. शास्त्रात हा पुरावा धरत नाहीत.

"उद्या करू या," ती म्हणाली.

बॅचच्या दिवशी ती आपल्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसली. कामाच्या जागी फोन न्यायला बंदी असल्यामुळे तो अधूनमधून बाहेरच्या खोलीत येऊन बोलायचा. द्रावण तापलं. सगळं विरघळलं. मग गार करायला घेतलं. ठरलेल्या तापमानाला जुन्या साठ्यातली ओंजळभर पाकळी वरून सोडायची, म्हणजे ती बघून बाकीचे कण तसेच जुळतात. कारखान्यातली माणसं त्याला विरजण म्हणत, आणि अख्ख्या शास्त्रात तिला याहून नेमका शब्द सापडला नव्हता.

"विरजण लावलं," त्याने कळवलं.

मग बराच वेळ काही नाही. तिने टेबलावरची पेनं एका रांगेत लावली, मोडली, पुन्हा लावली.

फोन वाजला. "विरजण तरंगतंय, पण धरत नाहीये. द्रावण अजून नितळ आहे. तुझ्या वेळापत्रकाप्रमाणे आता पुढे गार करायला घ्यायचं. घेऊ?"

वेळापत्रक तिचंच होतं. पण आता भराभर गार केलं आणि विरजण अजून जागं नसलं, तर द्रावण घाबरून मिळेल तसं गोठणार. आणि घाईने गोठतं ते सुईसारखंच गोठतं.

"तुला काय वाटतं?"

"मला विचारतेस?" त्याच्या आवाजात खरोखरचं नवल होतं. "मला वाटतं, थांबावं. आत हालचाल आहे. काचेतून बघितलं तर उजेड जरा हलल्यासारखा वाटतोय. पण कागदावर तसं काही लिहिलेलं नाही."

"मग कागद राहू दे. थांब."

"किती?"

"धरेपर्यंत."

त्याने फोन ठेवला. तिने डोळे मिटले. भांड्यासमोर मान जराशी वाकडी करून, हात पाठीशी बांधून उभा असलेला तो तिला स्पष्ट दिसला. घरी चहा उकळायच्या आत गॅस बंद करणारा हा माणूस त्या भांड्यापुढे मात्र दगडासारखा उभा राहू शकतो, याचं तिला लग्नानंतर कित्येक वर्षं कोडं पडलेलं होतं. आज ते पडलं नाही.

परत फोन वाजला तेव्हा तो हळू आवाजात बोलत होता, शेजारी बाळ निजल्यासारखा. "धरलं. दूध झालं. सगळीकडून एकदम. आता सावकाश गार करतोय. नमुना सूक्ष्मदर्शकाकडे पाठवलाय, फोटो येईल."

फोटो आला. तिने फोन पालथा ठेवला. उठून पाणी प्यायली, परत आली, बसली, आणि मग उलटवला.

पाकळ्या. चपट्या, स्वच्छ, एकमेकींवर रेललेल्या. तिने फोटो मोठा केला आणि वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, हरवलेली सुई शोधावी तसा निरखला. एकही नव्हती.

"बघितलास?" त्याने विचारलं.

"हं."

"रडतेयस?"

"नाही."

"बरं. मग नाक पूस आणि साहेबांना सांगून ये."

अजून बॅच व्हायच्या होत्या. मुलांना वर्षभर पुरेल इतकं औषध साठेपर्यंत त्याला तिकडेच राहायचं होतं, आणि नियमांत काही सूट द्यायची का, असं मोठ्या साहेबांनी जरा हसतच विचारलं, तेव्हा तिनेच नाही म्हटलं. पण त्या संध्याकाळी तिला राहवेना. आईच्या घरासमोरचा रस्ता चांगला रुंद होता, वाराही घराकडून रस्त्याकडे वाहत होता. पलीकडच्या फुटपाथवर उभं राहिलं तर नियम लिहिणाऱ्या बाईलाही त्यात खोट काढता आली नसती. तिने फोन करून दोघांना गॅलरीत यायला सांगितलं.

ऊन उतरलं होतं पण उजेड भरपूर होता. ती बसथांब्याच्या खांबाला टेकून वर बघत राहिली. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, आणि बाहेर बाबा आले.

एक क्षण, एकच. निळ्या चौकड्यांचा शर्ट, रुंद कॉलर, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. मग त्याने कठड्यावर हात ठेवले आणि बाह्या मनगटाच्या वर सरकल्या. बाबांचे हात इतके लांब नव्हते. तिचा नवरा तिच्याकडे बघून हसत होता, आणि डोकं बारीक कापल्यामुळे त्याचे कान उगाच मोठे दिसत होते.

बाबा गेले तेव्हा आईने त्यांच्या कपाटाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली होती. भाऊ काही बोलला नाही. तिने मात्र एकदा विचारलं होतं, एखादा रुमाल तरी देशील का. आई म्हणाली होती, राहू दे गं, घडी मोडेल. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. त्या गोष्टीला खूप वर्षं झाली होती.

हातातला फोन वाजला. वर आईनेही फोन कानाला लावला होता.

"दिसतायत का गं नीट?"

"दिसतोय. आई, तो शर्ट..."

"मग काय करणार? त्या दिवशी हे आले ते दारातच उभे. आत येईनात. हातात काही नाही. म्हणाले, आई, या घरात बेबीचा हात न लागलेलं, अंगावर घालण्यासारखं काही आहे का? मी विचार केला. एकच कपाट निघालं."

रस्त्यावरून एक बस गेली. ती जाईपर्यंत कुणालाच काही दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही, ते बरंच झालं. बस गेल्यावर तिने पुन्हा वर पाहिलं. आई जावयाची कॉलर सारखी करत होती, आणि तिचा हात पोचावा म्हणून तो गुडघ्यांत वाकला होता.

"खांद्यात अगदी नेमका बसतोय," आई म्हणाली. "बाह्याच तेवढ्या आखूड आहेत. आतली मुडप उसवली तर दोन बोटं तरी कापड निघेल. उसवू का गं?"

"उसव," ती म्हणाली. "अजून बऱ्याच बॅच आहेत."

आई कात्री आणायला आत गेली. तो दोन्ही हात पुढे करून तिथेच उभा राहिला.